जुना बेलर, सिकल बार आणि सहा एकर गवत: गाठ का सुटते, गवत का बुरसतं?

ओली_पेंढी

पेन्सिल्वेनियात लँकेस्टरजवळ सहा एकर गवताचं रान आहे. टिमथी, ऑर्चर्ड ग्रास आणि मध्ये मध्ये लाल क्लोव्हर. यंत्रं सगळी जुनी: फर्ग्युसन टीओ-३५ ट्रॅक्टर (दोन टप्प्यांचा क्लच असलेला), सात फुटी सिकल बार मोअर (लांब पट्टीवरची पाती मागेपुढे धावून गवत कापतात तो), स्वतःच्या चाकांवर फिरणारा साइड डिलिव्हरी रेक (कापलेलं गवत ओळीत ओढणारा) आणि दोन सुतळ्यांनी चौकोनी गठ्ठे बांधणारा साठच्या दशकातला बेलर. चारा घरच्याच दोन घोड्यांसाठी आणि मेंढ्यांसाठी.

तीन अडचणी आहेत.

१. बेलरच्या उजव्या नॉटरची (गाठ बांधणाऱ्या यंत्रणेची) गाठ दर आठ-दहा गठ्ठ्यांमागे एकदा सुटते. डावी बाजू चोख बांधते.
२. सिकल बारची पाती नवी आहेत, तरी गवत कापण्याऐवजी चावल्यासारखं होतं आणि मागे न कापलेले पट्टे राहतात.
३. पहिल्या कापणीचे गठ्ठे महिनाभराने उघडले की कुबट वास येतो आणि पांढरी धूळ उडते.

नवीन यंत्रं घ्यायची नाहीत. आहेत तीच नीट लावायची आहेत. कुठून सुरुवात करावी?

---

घिसाडी

ओली_पेंढी, आधी एक काम करा. गाठ सुटलेल्या गठ्ठ्याची सुतळी फेकू नका. दोन्ही टोकं कापून, गठ्ठ्याच्या कोणत्या बाजूची कोणती ते लिहून एका पिशवीत ठेवा. नॉटरचं निदान त्या टोकांवरून होतं. टोकं न बघता पाना हातात घेतला की चांगली बाजूही बिघडते.

त्यासाठी गाठ कशी बसते ते डोळ्यांनी बघायला हवं. इंजिन बंद, किल्ली खिशात, पीटीओ शाफ्ट (ट्रॅक्टरची ताकद बेलरला देणारा दांडा) ट्रॅक्टरपासून सोडवलेला. ट्रिप आर्म (गाठ बांधायचं चक्र सुरू करणारा दांडा) हाताने उचला आणि फ्लायव्हील हाताने, बेलर चालतो त्याच दिशेने, सावकाश फिरवा. आता नॉटरकडे बघा.

सुतळीचं एक टोक मागच्या गाठीपासूनच चकतीच्या खाचेत, चिमट्याने दाबून धरलेलं असतं. तिथून ती सुतळी खाली गठ्ठ्याभोवती गेलेली असते. सुई खालून वर येते आणि दुसरी बाजू आणून पहिल्या सुतळीशेजारी, चोचीवर (गाठ वळणारा, चोचीसारखा भाग) ठेवते. चकती एक खाच पुढे सरकते आणि नवी सुतळीही धरते. मग चोच एक पूर्ण गिरकी घेते, दोन्ही सुतळ्यांचा फास तिच्या मानेभोवती पडतो. गिरकी संपता संपता चोचीची जीभ उघडते, दोन्ही सुतळ्या तोंडात घेते आणि मिटते. पातं चोच आणि चकती यांच्यामधली सुतळी कापतं. लगेच वायपर आर्म चोचीवरून घासत जातो आणि मानेवरचा फास पुढे ढकलतो. चोचीने टोकं घट्ट धरलेली असल्यामुळे फास त्यांच्यावरून सरकतो, आणि ती झाली गाठ. हाताने फिरवलंत तर हे एकेक पाऊल थांबवून बघता येतं.

आता टोकं वाचा.

गाठ एकाच सुतळीत, आणि ती सुतळी चकतीकडची (आधीपासून धरलेली) असेल, तर सुईने आणलेली सुतळी चोचीपर्यंत पोचली नाही. सुई वाकलेली आहे, सुईच्या डोळ्याला घासून खाच पडली आहे, किंवा सुतळी चोचीवर सरकवणारं बोट झिजलं आहे.

गाठ एकाच सुतळीत, पण ती सुईकडची असेल, तर चकतीकडचं टोक वेळेआधी निसटलं. चिमट्याची स्प्रिंग ढिली, किंवा चकतीच्या खाचेत गवताचा भुसा आणि जुन्या सुतळीचा चोथा अडकला आहे.

दोन्ही टोकं सरळ कापलेली, गाठ नाही, पण टोकाजवळ दाबल्याची खूण आहे: जिभेने धरलं होतं, पण पकड कमी पडली. जिभेची स्प्रिंग पाव फेरी आवळा.

गाठ बसली, पण सुतळी गाठीशेजारी तुटली आणि गाठ चोचीवरच लटकून राहिली: जिभेवर ताण जास्त आहे, किंवा चोचीवर गंजाचा खरखरीतपणा आहे, किंवा वायपर आर्म चोचीला टेकतच नाही.

टोक कुसकरलेलं, फणी फिरवल्यासारखे धागे सुटलेले: चिमटा फार आवळला आहे आणि तोच सुतळी चिरडतो आहे. पातं बोथट असेल तरी टोक असंच दिसतं, म्हणून पातं आधी पारजून घ्या.

एका वेळी एकच गोष्ट, आणि तीही पाव फेरीने. मग दहा गठ्ठे बांधून बघा. दोन स्प्रिंगा एकत्र फिरवल्या तर कशाने फरक पडला ते कळणार नाही.

---

सुतळीवाला

घिसाडी काकांनी सगळं लिहिलंय, फक्त सुतळी कोणती ते राहिलं. ओली_पेंढी, घायपाताची (सिसल) वापरता की प्लास्टिकची?

त्या काळातले नॉटर सिसलसाठी लावलेले असतात. प्लास्टिकची सुतळी बारीक आणि गुळगुळीत असते, चिमट्यातून सहज सरकते. डाव्या नॉटरचा चिमटा जरा घट्ट असेल तर तो ती धरतो आणि उजवा सोडतो. म्हणजे तुम्ही सांगताय तेच चित्र. सिसलच्या वेष्टनावर ९००० लिहिलेलं असतं त्याचा अर्थ दोन गोळ्यांच्या जोडीत मिळून ९००० फूट. ७२०० ची सुतळी त्याहून जाड आणि मजबूत. नॉटर एका जाडीवर लावला की मोसमभर तीच जाडी ठेवा.

दुसरं, सुतळीच्या पेटीत गोळ्याच्या आतल्या टोकाने सुतळी निघते ना ते बघा, आणि दोन गोळे जोडताना गाठ लहान ठेवून शेपट्या कापून टाका. मोठी गाठ सुईच्या डोळ्यात अडकते आणि तेवढ्या एका गठ्ठ्यालाच गाठ सुटते.

---

ओली_पेंढी

सिसल ९०००. दोन्ही बाजूंना एकाच जोडीतले गोळे आहेत.

---

तिफण

सिकल बारबद्दल. पाती नवीन असून गवत चावलं जातं तेव्हा दोष बहुधा पात्यांत नसतो, पाती ज्यावर कापतात त्यात असतो. ही कात्री आहे. वरचं पान धावतं, खालचं पान म्हणजे फिंगरमधली (बारवर पुढे आलेल्या लोखंडी बोटांमधली) पट्टी. तिची धार गोल झाली असेल तर नवी पातीही गवत खाली ओढून चघळतात. प्रत्येक फिंगरवर बोटाने नाही, नखाने धार बघा. गोल लागली तर फिंगर किंवा पट्टी बदला.

त्यानंतर वरून दाबणारे क्लिप. ते पात्याला दाबून ठेवतात, पण आवळत नाहीत. अंतर १ मिमीच्या आत हवं, साधारण ०.८ मिमी, म्हणजे तीन-चार पोस्टकार्डं एकावर एक इतकं. जास्त असेल तर हातोडीने क्लिप हलकेच खाली ठोकतात, पण ठोकताना पातं त्या क्लिपखाली असू देऊ नका. ठोकून झाल्यावर पट्टी हाताने मागेपुढे सरकली पाहिजे.

मग रजिस्टर. पातं एका टोकाला पोचून थांबतं तेव्हा त्याचा मध्य फिंगरच्या मध्यावर यायला हवा, दुसऱ्या टोकालाही तसाच. पाती ३ इंच रुंद, फिंगरही ३ इंचांवर, म्हणून एका फेरीत पातं एका फिंगरमधून शेजारच्या फिंगरमध्ये जातं. मध्य जुळत नसेल तर प्रत्येक फेरीत थोडं गवत कापायचं राहतं आणि तेच तुमचे पट्टे. पिटमनची (पात्यांची पट्टी मागेपुढे हलवणाऱ्या दांड्याची) लांबी किंवा बारचं जोडणीचं टोक सरकवून हे जुळवतात.

आणि सगळ्यात दुर्लक्ष होतं ते लीडकडे. काम करताना गवताच्या रेट्याने बारचं बाहेरचं टोक मागे ढकललं जातं. म्हणून उभ्या यंत्रात ते मुद्दाम थोडं पुढे ठेवतात: बारच्या दर फुटाला पाव इंच. सात फुटी बारला पावणेदोन इंच, साधारण ४५ मिमी. मोजायला पिटमनच्या रेषेत एक दोरी ताणून बारच्या दोन्ही टोकांजवळचं अंतर मोजा. आतल्या बाजूची पिन आणि बुश झिजले की लीड आपोआप जातो. तेव्हा नुसतं समायोजन करून भागत नाही, बुश बदलावा लागतो.

पातं बदलताना रिव्हेट ड्रिल करत बसू नका. व्हाईसचे जबडे थोडे उघडे ठेवून पट्टी त्यावर उभी धरा, पात्याची मागची कड वर येऊ द्या आणि त्या कडेवर हातोड्याचा एक जोरदार फटका मारा. दोन्ही रिव्हेट एका झटक्यात कापले जातात. डोळ्यांवर चष्मा हवाच.

दातेरी पातं घासून धार लावायची नसते, बदलायचं. बारीक गवताला गुळगुळीत पातं चांगलं, आणि त्याला ग्राइंडरवर मूळच्या उतारानेच धार लावा. निळं पडेपर्यंत तापवलं तर पोलाद मऊ होतं.

कापणीची उंची तीन इंचांपेक्षा खाली नको. ऑर्चर्ड ग्रास आपला साठा बुडख्यात ठेवतं. भुईसपाट कापलं तर दुसरी कापणी उशिरा आणि विरळ येते. शिवाय उंच खोडक्यावर कापलेलं गवत अधांतरी राहतं, खालून वारा जातो.

---

माळरान

तिसरी अडचण मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. गाठ सुटली तर एक गठ्ठा जातो. गवत ओलं बांधलं तर कोठार जाऊ शकतं.

उभ्या गवतात ७५ ते ८० टक्के पाणी असतं. लहान चौकोनी गठ्ठा बांधताना ते १८ टक्क्यांवर, फार तर २० वर आलेलं हवं. पांढरी धूळ म्हणजे बुरशी, म्हणजे तुमचे गठ्ठे त्याच्या वर बांधले गेले. घोड्यांना ते अजिबात घालू नका, त्यांच्या फुफ्फुसांना त्या धुळीचा त्रास फार होतो.

हाताने बघायची रीत: मूठभर गवत दोन्ही हातांनी पिळा. तीन-चार पिळांत काड्या तुटल्या तर जवळ आलंय. नुसतं वळलं आणि तुटलं नाही तर थांबा. मग जाडसर काडी घेऊन नखाने खरवडा. साल सुटून आली तर आत अजून पाणी आहे. क्लोव्हरची देठं मुद्दाम तपासा. पानं कुरकुरीत होतात तेव्हा देठ अजून ओलंच असतं, आणि हात पानांवरून फसतो.

मोजायची रीत: ओळीच्या तळाचं, मधलं आणि वरचं असं गवत घेऊन बारीक कापा. १०० ग्रॅम वजन करून मायक्रोवेव्हमध्ये कागदी ताटलीवर ठेवा, शेजारी कपभर पाणी ठेवा म्हणजे पेटणार नाही. आधी दीड-दोन मिनिटं, मग ३० सेकंदांच्या टप्प्यांनी, दर वेळी वजन करत. वजन उतरायचं थांबलं तो आकडा घ्या. ८२ ग्रॅम उरलं तर ओलावा १८ टक्के. गवत करपलं तर नमुना बाद, पुन्हा घ्या.

घाई असेल तर काचेची कोरडी बरणी, मूठभर कापलेलं गवत, चमचाभर कोरडं मीठ. मिनिटभर हलवा. मीठ मोकळं राहिलं तर बांधा, गोळा झालं तर थांबा. आकडा मिळत नाही, पण शेतात उभं राहून निर्णय घेता येतो.

तुमच्याकडे टेडर (कापलेलं गवत उलटून पसरवणारं यंत्र) नाही हे लक्षात आलं. पेन्सिल्वेनियात जूनमध्ये हवाच दमट असते, आणि सिकल बारने कापलेल्या गवताची देठं चिरडलेली नसतात, अखंडच राहतात. देठ चिरडणारं कंडिशनर असतं तर एक दिवस वाचला असता. त्यामुळे तीन कोरड्या दिवसांचा अंदाज असेल तरच कापा, आणि कापल्यावर दोन-तीन तासांत हिरवं असतानाच गवत पसरवा. टेडर नसेल तर लहान रानाला लाकडी दाताळं पुरतं. वाळत आल्यावर पसरवायला गेलात तर क्लोव्हरची पानं झडतात, आणि बराचसा पौष्टिकपणा पानांतच असतो.

---

तिफण

माळरान, एक भर. ओळ लावायची वेळ. गवत ४० टक्क्यांच्या आसपास असताना रेक करा. क्लोव्हर जास्त असेल तर सकाळी दव थोडं असतानाच.

---

माळरान

दवातल्या रेकिंगबद्दल माझं मत वेगळं आहे. लसूणघासाचं शुद्ध रान असेल आणि हवा कोरडी असेल तर ते बरोबर. पूर्वेकडच्या दमट हवेत टिमथीत दव असताना ओळ लावली की ते दव ओळीच्या पोटात कोंडलं जातं, आणि दुपारी वरचं गवत वाजतं पण तळ ओला राहतो. ओली_पेंढी यांचा कुबट वास मला इथूनच येत असावा असं वाटतं. पानांवरचं दव उडाल्यावर, पण पानं कुरकुरीत व्हायच्या आधी, असा दीड-दोन तासांचा पट्टा असतो. तो पकडा.

---

तिफण

मान्य. टिमथी जास्त असेल तर तुमचं बरोबर.

रेकचे दात जमिनीला घासत असतील तर तेही तपासा. सपाट जागी उभं करून दातांची टोकं जमिनीपासून २ ते ३ सेमी वर ठेवा. खाली गेले की माती, जुनं कुजकं गवत आणि दगड ओळीत येतात. माती म्हणजे बुरशीचं बियाणं, आणि दगड म्हणजे बेलरचा शिअर बोल्ट (जादा ताण आला की मुद्दाम तुटणारा बोल्ट) तुटणार. वेग ताशी ८ किमीच्या आत. चाकावर चालणारा रेक जोरात ओढला की दातही जोरात फिरतात आणि गवत दोरखंडासारखं पिळतं. तशी ओळ वाळत नाही.

---

रानवाट

पारनेरहून विचारतोय. आमच्याकडे माळावरचं मारवेल, पवन्या आणि कुसळी. विळ्याने कापून पेंढ्या बांधतो, गंजी लावतो. ऑक्टोबरच्या उन्हात वाळायची अडचण नाही. हे जुने बेलर इथल्या ३५ अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरवर चालतील का? आणि नाही तर हाताने गठ्ठे बांधायची काही सोय?

---

घिसाडी

रानवाट, ताकद पुरते. पीटीओचा मिनिटाला ५४० फेऱ्यांचा वेग आणि सहा दातांचा १ ३/८ इंची शाफ्ट सगळीकडे सारखाच. आपल्याकडचा १०३५ ट्रॅक्टर हा मॅसी फर्ग्युसनच्या ३५ च्याच घराण्यातला. तो बनवणारी टॅफे कंपनी १९६० मध्ये मद्रासला मॅसी फर्ग्युसनबरोबरच उभी राहिली. पण नॉटरचा एक सुटा भाग बिघडला तर तिथे मिळणं कठीण, आणि अख्खा हंगाम अडतो. तुमच्या आकाराच्या रानाला पेटीचा दाब बरा.

पेटी अशी: आतून ३५ सेमी रुंद, ४५ सेमी खोल, ९० सेमी उंच, जाड फळ्यांची, उभी, पुढचा दरवाजा बिजागरीवर. तळाला आणि आतल्या बाजूंना सुतळीसाठी दोन खोबणी. आधी दोन सुतळ्या खोबणीतून खाली सोडून टोकं वर खिळ्यांना अडकवायची. थराथराने गवत टाका, प्रत्येक थर पायाने किंवा लांब दांड्याच्या दाबपट्टीने दाबा. भरली की दाबपट्टी अडकवून दोन्ही सुतळ्या बांधा, मग दरवाजा उघडा. दोन माणसं लागतात. गठ्ठा बेलरइतका घट्ट होत नाही, पण पेंढीपेक्षा जागा कितीतरी कमी लागते आणि पावसाळ्यात माळ्यावर रचता येतो.

---

माळरान

रानवाट, तुमच्याकडे ओलावा नाही, वेळ हा शत्रू आहे. मारवेल निम्मं फुलोऱ्यात आलं की कापा. बी पडेपर्यंत थांबलात तर उरतं ते नुसतं काड. आणि कुसळी तर कुसळं धरायच्या आधीच कापायला हवी. पक्की झालेली कुसळं जनावरांच्या तोंडात रुततात आणि मेंढ्यांच्या लोकरीतून कातड्यापर्यंत जातात. शिवाय उन्हात पांढरं पडेपर्यंत पसरून ठेवू नका. हिरवटपणा असताना सावलीत गंजी लावली तर गवत जनावरं आवडीने खातात.

---

निर्गुडी

ओलं गवत बांधलं गेलंच तर पुढे काय, ते कोणी लिहिलं नाही. ओली_पेंढी, हे आजच वाचा.

बांधल्यावर पहिले काही दिवस गठ्ठा थोडा तापतो, ते सगळ्याच गवतात होतं. धोका त्यानंतरचा: आग लागायची असेल तर ती बहुधा पहिल्या सहा आठवड्यांत. लांब लोखंडी नळी घ्या, एका टोकाला अणकुचीदार करा, टोकाजवळ भोकं पाडा आणि ती रचलेल्या गठ्ठ्यांच्या पोटात घुसवा. आत दोरीने तापमापक सोडून १५-२० मिनिटं थांबा.

५५ अंश सेल्सिअसच्या आत असेल तर रोज एकदा बघा. ६५ वर गेलं तर दिवसातून दोनदा बघा आणि रास उघडून हवा खेळवा. ७० वर दर काही तासांनी. ८० च्या पुढे कुठेतरी आत निखारे आहेत असं धरून चाला: अग्निशमन दलाला आधी बोलवा आणि ते आल्याशिवाय एकही गठ्ठा हलवू नका. गठ्ठा हलवला की आत हवा शिरते आणि धुमसणारं गवत एकदम भडकतं. आणि तापलेल्या राशीवर चढायचं नाही. वरून रास अखंड दिसते, पण आत जळून पोकळी झालेली असते आणि माणूस त्यात कोसळतो.

रचताना सगळ्यात खाली लाकडी पॅलेट. पहिला थर कडेवर उभा, म्हणजे सुतळ्या जमिनीला लागत नाहीत आणि कापलेली बाजू वर येते. त्यातून ओल वर निघते. संशय असलेले गठ्ठे आत रचू नका, बाहेर छपराखाली सुटे ठेवा.

---

ओली_पेंढी

सगळ्यांचे आभार. निर्गुडी, नळी घालून बघितली: ३४ अंश. गठ्ठे सहा आठवड्यांहून जुने आहेत.

घिसाडी काका, सुटलेल्या चार गठ्ठ्यांची टोकं बघितली. चारही वेळा गाठ सुईकडच्या सुतळीत आहे, चकतीकडचं टोक मोकळं. फ्लायव्हील हाताने फिरवलं तेव्हा दिसलं की उजव्या चकतीच्या खाचेत काळपट, कडक चोथा बसला आहे आणि चिमटा एका बाजूने उचललेला राहतो. वायपर आर्म डाव्या बाजूला चोचीला घासतो, उजव्या बाजूला मधे कागद सहज सरकतो.

लीड मोजला: बाहेरचं टोक पुढे असायला हवं, ते अर्धा इंच मागेच आहे.

---

घिसाडी

निदान झालं.

चोथा लाकडी काडीने किंवा पितळी पट्टीने काढा, पोलादी स्क्रूड्रायव्हरने नको, खाचेच्या कडेला धारदार ओरखडा पडला की तोच सुतळी कापतो. खाच साफ झाल्यावर चिमट्याची स्प्रिंग आहे तशीच ठेवून दहा गठ्ठे बांधा. तेव्हाही टोक निसटलं तरच पाव फेरी आवळा. माझा अंदाज, साफ केल्यावर आवळायची गरज पडणार नाही.

वायपर आर्म मात्र वाकवावाच लागेल. तो लोखंडी असतो आणि वाकवण्यासाठीच केलेला असतो. मोठ्या पान्याने थोडा थोडा आत वाकवा. चोचीच्या टाचेला पूर्ण लांबीभर हलकेच घासत जायला हवा. जोरात दाबून चोचीला अडवायला लागला तर जास्त झालं. चोचीवर गंज असेल तर बारीक पॉलिश पेपरने, चोचीच्या लांबीच्या दिशेने घासा. कानस लावू नका.

एक अजून, ट्रॅक्टरचं. टीओ-३५ ला पीटीओचा दांडा दोन जागी बसतो: एका जागी इंजिनाच्या वेगाने, दुसऱ्या जागी चाकांच्या वेगाने. बेलर चालवताना तो इंजिनावरच हवा. चाकांवर राहिला तर चढावर प्लंजर (चेंबरमध्ये गवत दाबणारा दट्ट्या) मंदावतो, थर ढिले बसतात, आणि ढिल्या गठ्ठ्याची सुतळी नॉटरमध्ये नीट ताणली जात नाही. एका गठ्ठ्यात १० ते १५ थर येतील अशा चालीने चालवा. पाच-सहाच थर असतील तर चाल फार जलद आहे, गठ्ठा केळ्यासारखा वाकतो.

---

सुतळीवाला

आणि प्लंजरचं पातं. प्लंजरच्या पुढच्या कडेचं आणि चेंबरच्या तोंडाचं पातं यांत अर्ध्या मिमीच्या आसपास अंतर हवं, घासू मात्र द्यायचं नाही. बोथट असेल तर प्रत्येक थराला गवताच्या शेपट्या राहतात, त्या ओढल्या जाऊन गठ्ठा एका बाजूला जड होतो. मग त्या बाजूच्या सुतळीवर जास्त ताण. सगळं नॉटरचंच पाप नसतं.

---

तिफण

लीड अर्धा इंच मागे म्हणजे आतला बुश गेलाच. पिन काढून बघा, अंडाकृती झालेली दिसेल. पिन आणि बुश दोन्ही बदला, मगच रजिस्टर जुळवा. उलट क्रमाने केलंत तर रजिस्टर पुन्हा जाईल.

तुम्ही लँकेस्टरजवळ आहात, ही मोठी सोय आहे. आजूबाजूची अमिश माणसं (जुन्या रीतीने राहणारा ख्रिस्ती पंथ) अजूनही मॅकॉर्मिक-डीअरिंगचे नंबर ९ घोड्यांचे मोअर चालवतात, बेलरवर वेगळं इंजिन बसवून तो खेचरांकडून ओढून घेतात. त्यामुळे सिकल बारचे फिंगर, पाती, लाकडी पिटमन आणि नॉटरचे भाग गावातल्या दुकानात मिळतात. आपोआप गाठ बांधणारा, बाजारात यशस्वी ठरलेला बेलर त्याच काउंटीत एडविन नोल्ट यांनी १९३७ च्या सुमारास केला आणि न्यू हॉलंड कंपनीने १९४० पासून बाजारात आणला. जुना भाग दुकानात न्या आणि समोर ठेवा, नंबर शोधत बसावं लागत नाही.

---

ओली_पेंढी

चोथा काढला, स्प्रिंगला हात लावला नाही. वायपर दोनदा वाकवल्यावर कागद अडकायला लागला. मागच्या वर्षीचं बाद गवत पुन्हा ओळीत टाकून ३० गठ्ठे बांधले, एकही सुटला नाही. शेपट्या मात्र उजवीकडे लांब, डावीकडे आखूड आहेत. चालेल का? आणि शिअर बोल्ट दोनदा तुटला, दुकानदार जास्त कडक ग्रेडचा देतो म्हणाला.

---

घिसाडी

शेपटीची लांबी थोडी कमी-जास्त चालते. टोक स्वच्छ कापलेलं आहे ना, ते बघा. धागे सुटलेले असतील तर उजवं पातं पारजा.

कडक बोल्ट अजिबात नको. तो तुटावा म्हणूनच आहे. तो टिकला तर सुई, प्लंजरचा दांडा किंवा गिअर तुटेल. बेलरच्या पुस्तकात सांगितलेला ग्रेड आणि लांबीच घ्या, दहा-बारा आणून बेलरच्या डब्यात ठेवा. बाद गवत पुन्हा बांधताना तुटला असेल तर ओळीत गोळे होते, एकदम जास्त गवत आत गेलं. ताज्या ओळीवरही तुटला तर फ्लायव्हीलच्या भोकाचा बुश बघा. भोक लांबट झालं की बोल्ट ताणाने नाही, धक्क्याने तुटतो.

---

निर्गुडी

आणि शिअर बोल्ट बदलताना, नॉटरला हात लावताना, चेंबरमध्ये अडकलेलं गवत काढताना, दर वेळी इंजिन बंद आणि फ्लायव्हील पूर्ण थांबलेलं. पीटीओ सोडला तरी ते जड चाक बराच वेळ फिरत राहतं, आणि ट्रिप झालेला असेल तर तेवढ्या फिरण्यात सुया वर येतात. पीटीओ शाफ्टवरचं प्लास्टिकचं आवरण फुटलेलं असेल तर या आठवड्यात नवीन घाला. टीओ-३५ ला उलटण्यापासून वाचवणारी चौकट मुळात नसते. उतारावर भरलेला वॅगन ओढायचा असेल तर ती बसवून घ्या आणि पट्टा लावा.

---

सुतळीवाला

मोसम संपल्यावर: चेंबरमधला शेवटचा गठ्ठा काढून टाका, आत ठेवला तर ओल धरतो आणि चेंबर गंजतो. गठ्ठ्याचा दाब ठरवणाऱ्या वरच्या दोन्ही स्प्रिंगा पूर्ण सैल करा. चोच, चकती आणि पात्यावर हलकं तेल फिरवा, ग्रीस नको, ग्रीसला भुसा चिकटून पुन्हा तोच कडक चोथा तयार होतो. सुतळीचे उरलेले गोळे पत्र्याच्या डब्यात ठेवा, सिसल उंदीर कुरतडतात.

---

ओली_पेंढी

बुश आणि पिन मागवले. पुढच्या आठवड्यात दुसरी कापणी आहे, बुधवारपासून तीन दिवस कोरडे दाखवतायत. मायक्रोवेव्हचा आकडा इथे लिहीन.

---

माळरान

नमुना ओळीच्या तळाचा घ्या, आणि झाडांच्या सावलीतला वेगळा. सावलीतला आकडा जास्त आला तर तेवढी ओळ त्या दिवशी सोडून द्या, दुसऱ्या दिवशी दुपारी बांधा.